आधी आगार, मग औषध

वैद्य घर बांधतो तेव्हा एकाच छपराखाली अनेक वास्तू उभ्या राहत असतात. पुढे रुग्णतपासणीची खोली, तिला लागून पंचकर्माची व्यवस्था, मागे औषधी कोठार, परसात भट्टी आणि वर किंवा शेजारी कुटुंबाचे राहते घर, अशी रचना ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. औषधी निर्माण करणाऱ्या बांधवांच्या बाबतीत तर कोठार व निर्माणशाळा हाच वास्तूचा मुख्य भाग असतो. बांधकाम काढताना आपण परवाना, कर्ज आणि दर्शनी भागाची शोभा यांचा पुष्कळ विचार करतो. भिंत कशाची, छप्पर कसे, ऊन कोणत्या बाजूने येणार, ओल कोठून चढणार आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षे वीज व जळण किती लागणार, हे प्रश्न मात्र ठेकेदाराच्या सोयीवर सोडून देतो. वस्तुतः हे प्रश्न वैद्याचे आहेत आणि ते सोडविण्याची रीत आपल्या शास्त्राने आपल्याला आधीच शिकविलेली आहे.

ती रीत म्हणजे निदानपरिवर्जन. हेतू दूर करणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे आपण रुग्णाला रोज सांगतो. घरातील उष्मा आणि ओल हे व्याधी मानले, तर छपरावर पडणारे ऊन व जोत्यातून वर चढणारे पाणी ही त्यांची निदाने ठरतात. ती कायम ठेवून वातानुकूलन यंत्र बसविणे म्हणजे अपथ्य चालू ठेवून औषधाची मात्रा वाढविणे होय. यंत्र सौर विजेवर चालविले म्हणून अपथ्याचे पथ्य होत नाही. पर्यावरणस्नेही बांधकामाची आज जी चर्चा चालते, तिच्यात उपकरणांची नावे फार आणि हेतुविचार थोडा असतो. आपण वैद्यांनी तरी हा क्रम उलटा करू नये.

संहितांतील आगारविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनादी कर्मांसाठी जमवावयाच्या संभाराचे वर्णन आहे. त्या संभारात पहिले स्थान घराला दिलेले आहे. पात्रे, परिचारक आणि औषधे त्यानंतर येतात. वास्तुविद्येत कुशल अशा माणसाकडून हे घर करवून घ्यावे. ते मजबूत असावे, त्यात थेट वारा लागू नये, तरी एका भागात वारा खेळावा. वावरण्यास ते सुखकर असावे आणि धूर, ऊन, पाणी, धूळ यांचा तेथे शिरकाव नसावा, असा त्याचा आशय. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी कोठाराविषयीही अशीच दक्षता सांगितली आहे. दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे आणि अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व जनावरे यांपासून द्रव्यांचे रक्षण व्हावे. सुश्रुताचार्यांच्या भेषजागारात औषधे कापडात, मातीच्या भांड्यांत, फळ्यांवर आणि खुंट्यांवर ठेवलेली आहेत, म्हणजेच जमिनीचा व भिंतीचा दमटपणा त्यांना लागू नये ही काळजी घेतलेली आहे.

ऋतुचर्येतही घराचा विचार आहे. हेमंतात आतील उबदार खोली, ग्रीष्मात दिवसा शीतगृह आणि रात्री चांदण्यातील गच्ची, असा एकाच घराचा ऋतूनुसार निरनिराळा वापर तेथे अभिप्रेत आहे. वर्षभर एकाच तापमानात राहण्याचा आजचा आग्रह या विचारात बसत नाही.

आधुनिक कायदाही याच दिशेने बोलतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २००० साली समाविष्ट झालेल्या शेड्यूल टी या परिशिष्टात निर्माणशाळेला पुरेसा उजेड व वायुवीजन असावे, तसेच जमीन व भिंती ओलसर नसाव्यात, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात रंग लावून ही अपेक्षा पुरी होत नाही. ती पाया घेतानाच पुरी करावी लागते.

आकाशाने जांगल, कालव्याने आनूप

देशविचार केल्याशिवाय चिकित्सा नाही आणि घरही नाही. इंदापूर तालुक्यातील कळंब हे नीरा नदीच्या काठचे, वालचंदनगरला लागून असलेले गाव. हा पर्जन्यछायेतील पट्टा आहे. वर्षाचा पाऊस ढोबळमानाने पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, मात्र रात्री हवा निवते. एवढेच पाहिले तर हा जांगल देश ठरेल. परंतु १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी येथे साखर कारखाना उभारला आणि भूमीचा स्वभाव पालटला. कालव्याखालील जमिनी पाणथळ व खारवट होण्याचा प्रश्न नीरा खोऱ्यात शंभर वर्षांहून जुना आहे. म्हणजे आमचा प्रदेश आकाशाने जांगल असला, तरी पायाखाली अनेक ठिकाणी आनूप झालेला आहे.

याचा घरावर दुहेरी परिणाम होतो. वरून उष्मा उतरतो आणि खालून क्षारयुक्त ओल चढते. भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आपण दर दिवाळीला त्यावर नवा रंग चढवितो. कोठारात याचेच परिणाम औषधांवर दिसतात. लवणयुक्त चूर्णांच्या गाठी होतात, घनसत्त्व चिकटते, गुग्गुळाच्या गोळ्या उन्हाळ्यात मऊ पडतात. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होऊ लागते असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. आधुनिक वेष्टनामुळे आज ही मुदत लांबविता येते, पण वेष्टनात जाण्यापूर्वी कच्चे द्रव्य महिनोन्‌महिने कोठारातच पडून असते. रुग्णाला अपेक्षित गुण आला नाही तर आपण निदान व मात्रा तपासतो. कोठाराची भिंत तपासतो का?

जोते आणि भिंत

आमच्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकविलेली भिंत तडकणारच. म्हणून पाया काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा, जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा आणि जोते निदान दोन फूट उंच ठेवावे. फरशीखाली दगडगोट्यांचा थर द्यावा, म्हणजे ओल वर शोषली जात नाही. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, ओल अडविणारा अखंड थर द्यावा. संपूर्ण बांधकामाच्या मानाने याचा खर्च किरकोळ असतो आणि एकदा भिंत चढली की तो पुन्हा सहजासहजी करता येत नाही. पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

भिंतीच्या साहित्यात एकच एक उत्तर नाही. काळा दगड येथे मुबलक आहे. तो टिकाऊ आहे आणि दिवसाचा उष्मा सावकाश आत सोडतो. भाजलेली वीट सर्वांच्या परिचयाची आहे, पण तिच्यात शेताची वरची कसदार माती जाते आणि भट्टीत जळण जाते. सिमेंटचे अल्प प्रमाण मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा हा चांगला पर्याय आहे. त्यांना मुरमाड, वाळूचा अंश असलेली माती लागते; काळी माती चालत नाही. राखेच्या विटांमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख सत्कारणी लागते. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे एनटीपीसीचे केंद्र २०१७ पासून वीजनिर्मिती करीत असल्याने या दिशेचा विचार आपल्याला अशक्य नाही. हलके पोकळ ठोकळे उष्णता चांगली अडवितात, परंतु ते किती अंतरावरून आणावे लागतात, हेही पाहावे. दूरवरून ट्रकने आलेले ‘हरित’ साहित्य वाटेतच बरेचसे हरितपण गमावून बसते. याउलट पडक्या वाड्याचा घडीव दगड, सागाच्या तुळया व जुनी दारे पुन्हा वापरण्याइतका पर्यावरणस्नेही व्यवहार दुसरा नाही.

सिमेंटविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे सात ते आठ टक्के मानला जातो. सिमेंट वर्ज्य करावे असे कोणी म्हणणार नाही. जेथे ताकद हवी तेथे, म्हणजे पट्ट्यांत, तुळयांत, स्लॅबमध्ये, ते जरूर वापरावे. गिलाव्याला मात्र चुना अधिक योग्य. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. ओलसर भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडली जाते आणि लोणा आणखी वरच्या भागात फुटतो. चुना ओल चढण्याचे थांबवीत नाही, हेही ध्यानात असावे. ते काम जोत्यावरील थराचेच आहे.

छप्पर हेच मुख्य अधिष्ठान

आपला प्रदेश साधारण अठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. त्यामुळे ग्रीष्मात सर्वाधिक ऊन कोणत्याही भिंतीवर न पडता छपरावर पडते. दक्षिणेकडील खिडकीचे ऊन लहानशा छज्जाने अडते, पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन तसे अडत नाही. यावरून मांडणीचे नियम सहज निघतात. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पश्चिमेस जिना, न्हाणीघर किंवा पडवी द्यावी आणि त्यापलीकडे पुरेशा अंतरावर कडुनिंब वा करंज लावावा. कोठार तळमजल्यावर, उत्तरेच्या अंगास असावे. वरच्या मजल्यावर थेट छपराखाली औषधी साठविणे ही सर्वांत वाईट व्यवस्था होय. दुर्दैवाने जागा मोकळी असते म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच केली जाते.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या एको निवास संहितेने छपरातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे. नुसत्या सिमेंटच्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट वेगाने उष्णता आत येते. लहान ग्रामीण घरांवर ही संहिता बंधनकारक नाही, तरी मापदंड म्हणून ती उपयोगी आहे. उपाय साधे आहेत. गच्चीला दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची पांढरी द्यावी किंवा पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवावेत. स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर द्यावा. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौले भरली, तर काँक्रीटही वाचते. पत्र्याचे छप्पर असल्यास त्याखाली हवेची पोकळी सोडून तक्तपोशी करावी.

जाड भिंत व झाकलेले छप्पर यांचा पूर्ण गुण यावयाचा, तर रात्री खिडक्या व झरोके उघडून थंड हवा आत घेतली पाहिजे आणि सकाळी ऊन चढताच ती दारे बंद केली पाहिजेत. घराचीही दिनचर्या असते. पावसाळ्यात मात्र बाहेरची हवा आतल्याहून दमट असताना कोठाराच्या खिडक्या उघड्या ठेवू नयेत.

माती तीच, योजना भिन्न

येथे एक रास्त शंका येईल. दगडमातीची घरे इतकी गुणी, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे त्याच घरांखाली कशी गाडली गेली? या प्रश्नाला बगल देऊन स्थानिक साहित्याचा पुरस्कार करणे हे बेजबाबदारपणाचे ठरेल. तेथील भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण त्या ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि आतील व बाहेरील थर एकमेकांना न बांधलेल्या होत्या. त्यावर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि माळवद खाली आले. भूकंपानंतर तज्ज्ञांनी सांगितलेले उपाय अवघड नव्हते. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे दगड ठराविक अंतरावर घालणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर घराला वेढणारी काँक्रीटची सळईयुक्त पट्टी देणे आणि छपराचे ओझे हलके ठेवणे, हे त्यांतील प्रमुख होत.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. तेथील आदि निवास व बापू कुटी माती, लाकूड, बांबू व कौले अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्याची, हलक्या छपराची आहे. १९३६ पासूनच्या या कुट्या आजही उभ्या आहेत, कारण त्यांची निगा सातत्याने राखली जाते. दोन्ही ठिकाणांच्या भूमीची तुलना होऊ शकत नाही हे खरे. परंतु युक्तीने योजलेले द्रव्य औषध होते आणि अयुक्तीने योजलेले विष होते, हे तत्त्व मातीलाही लागू आहे. म्हणून कुशल गवंडी व जाणकार अभियंता यांच्या देखरेखीशिवाय दगडमातीचे भारवाही बांधकाम करू नये. चरकाचार्यांनी वास्तुविद्याकुशल माणूस आधी शोधावयास सांगितले, त्याचे मर्म हेच आहे.

ऊर्जा : भट्टी, वाळवण, वीज

वैद्याच्या घरात विजेपेक्षा जळण अधिक लागते, याचा विसर पडू नये. काढे, घन, तेल-तूप, अवलेह ही सर्व अग्निसाध्य कर्मे आहेत. आमच्याकडे उसाचे पाचट शेतातच पेटवून दिले जाते. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि २००२ साली तिला त्याबद्दल अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राबद्दल २००६ साली याच संस्थेचा पुन्हा गौरव झाला. काढ्याचा चोथा मात्र सालीमुळांचा व काष्ठमय असल्याने अशा संयंत्रात नीट कुजत नाही. त्याचे खत करावे. भट्टी घरापासून सुटी, पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या अंगास असावी. आमच्याकडे उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे त्या काळात धूर घराबाहेर जातो.

वाळवणाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. पाने, फुले व सुगंधी द्रव्ये सावलीत वाळवावीत, हा नियम आहे. थेट उन्हात रंग व सुगंध जातो आणि सावलीत पावसाळी हवेत बुरशी धरते. ज्यात हवा वेगळ्या पेटीत उन्हाने तापवून मग अंधाऱ्या कप्प्यातील द्रव्यावरून फिरविली जाते, असे अप्रत्यक्ष सौर वाळवणयंत्र ही अडचण दूर करते. बांधकामाच्या नकाशात त्यासाठी दक्षिणेकडील उन्हाची जागा आधीच राखून ठेवावी.

पंचकर्मासाठी लागणारे ऊन पाणी सौर बंबाने सहज मिळते. शंभर लिटरला सुमारे दोन चौरस मीटर जागा पुरते. कूपनलिकेच्या जड पाण्याने बंबात क्षार साचतात, तेव्हा पावसाचे पाणी साठवावे. शंभर चौरस मीटर गच्चीवर पाचशे मिलिमीटर पावसाचे पन्नास हजार लिटर पाणी पडते. गळती वजा जाता चाळीस हजार लिटर हाती येण्यास हरकत नाही. आंतरिक्ष जलाची थोरवी सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी हे पाणी गटारात सोडावे, हे शोभत नाही.

सर्वांत शेवटी वीज. दिवसा उजेडासाठी दिवा लागू नये अशा खिडक्या ठेवल्या, जुन्या सत्तर-ऐंशी वॉटच्या पंख्यांऐवजी तीस-पस्तीस वॉटचे नवे पंखे बसविले, की गरज पुष्कळ खाली येते. मग तीन किलोवॉटचा सौर संच दिवसाला साधारण बारा युनिटे देतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले, परंतु ते घरगुती जोडणीसाठी आहे. दवाखाना वा निर्माणशाळेची व्यापारी जोडणी त्यात बसत नाही. वातानुकूलन हवेच असेल, तर संपूर्ण इमारतीऐवजी संवेदनशील औषधांसाठी एकच लहान, उष्णतारोधक खोली राखावी.

सभासदांपुढे एक सूचना

खर्चाचा आक्षेप येईल. त्यावर उत्तर असे की, दिशा ठरविण्यास पैसे लागत नाहीत आणि चुन्याच्या पांढरीस फार लागत नाहीत. जे पुढे बदलता येत नाही, म्हणजे पाया, जोते, भिंत, छप्पर, त्यावर आधी खर्च करावा. सौर संच, पंखे, यंत्रे पुढे केव्हाही बसविता येतात.

मात्र हे सर्व मोजमापाने सिद्ध व्हावयास हवे. प्रत्येक सभासदाने आपल्या कोठारात कमाल-किमान तापमापक व आर्द्रतामापक टांगावा. त्याची किंमत एका रुग्णाच्या महिन्याच्या औषधाहून फारशी अधिक नसते. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन नोंदी वर्षभर ठेवाव्यात आणि सोबत भिंत कशाची, छप्पर कसे, कोठार कोणत्या दिशेस, हे लिहावे. संघटनेच्या शाखांनी या नोंदी एकत्र करून याच त्रैमासिकात प्रसिद्ध कराव्यात. कळंबचे काळ्या दगडाचे कोठार आणि बारामतीतील नव्या इमारतीचा वरचा मजला यांचे आकडे शेजारी शेजारी छापले गेले, तर नवे बांधकाम काढणाऱ्या तरुण वैद्याला ते कोणत्याही उपदेशाहून अधिक उपयोगी पडतील. यंदाच्या वर्षाऋतूपासूनच आरंभ करावा, कारण कोठाराची खरी परीक्षा त्याच ऋतूत होते.